९४ लाख तुकड्यांवरून ४१ लाखांवर: जीआर शोधणाऱ्या एआयचं वजन उतरवताना काय काय झालं

पार्श्वभूमी

पुण्यातली सात जणांची टीम, मी त्यातलाच एक. ग्राहक म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी एक संस्था. नाव सांगत नाही आणि आकडे थोडे गोल केलेत, बाकी जसं घडलं तसंच लिहितोय. त्यांना हवं होतं असं की तलाठ्याने किंवा कारकुनाने साध्या मराठीत प्रश्न टाकायचा, उदाहरणार्थ "भोगवटादार वर्ग २ ची जमीन वर्ग १ करायला काय लागतं", मग मशीनने शासन निर्णय (म्हणजेच जीआर), परिपत्रकं, नियमावल्या धुंडाळून कामाचा भाग काढायचा, तो भाषामॉडेलपुढे (चॅटजीपीटीसारखं, मजकूर लिहिणारं मॉडेल) ठेवायचा आणि मॉडेलने त्यावरून उत्तर लिहून खाली जीआरचा क्रमांक आणि तारीख द्यायची. यालाच सगळे रॅग म्हणतात, नाव २०२० मधल्या एका पेपरवरून पडलं.

कागद होते साधारण २३ लाख पानं. आम्ही त्यांचे तुकडे पाडले (चंक म्हणतात तेच), आणि प्रत्येक तुकड्याचा मल्टिलिंग्वल ई-५ लार्ज या मॉडेलने वेक्टर बनवला. वेक्टर म्हणजे १०२४ आकड्यांची ओळ, दोन मजकुरांचा अर्थ जवळचा असेल तर त्यांच्या ओळीही जवळच्या, एक आकडा ४ बाइटचा, म्हणजे एका तुकड्यामागे ४०९६ बाइट. तुकडे झाले ९४ लाख. गुणाकार करा, ३८.५ जीबी. त्यावर शोधासाठी एचएनएसडब्ल्यू नावाचा ग्राफ, ज्यात प्रत्येक वेक्टर आपल्या जवळच्या शेजाऱ्यांचे पत्ते धरून बसतो, त्याचे अजून अडीचेक जीबी. म्हणजे ४१ जीबी, सगळं रॅममध्ये.

आमच्या ६४ जीबीच्या मशीनवर डेमो झकास झाला. टाळ्या वगैरे.

अडचण

मग कळलं की संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये शोधासाठी मिळणार आहे ते मशीन ३२ जीबीचं. जीपीयूवालं (मॉडेल वेगाने चालवणारी चिप असलेलं) एक मशीन होतं, पण ते भाषामॉडेल चालवण्यातच पूर्ण अडकलेलं. कागद बाहेरच्या क्लाउडवर न्यायचे नाहीत ही अट पहिल्या दिवसापासूनच होती, मशीन मात्र आम्ही विचारलंच नव्हतं, "सर्व्हर आहे ना? आहे" एवढ्यावर आम्ही खूश.

दुसरं म्हणजे वेळ. डेमोत पाच-सहा सेकंदांत उत्तर सुरू व्हायचं, पण खऱ्या वापरात दहा-पंधरा लोक एकदम बसले की १०० पैकी ५ प्रश्नांना पहिला शब्द उमटायलाच १४ सेकंदांच्या वर लागत होते. १४ सेकंद म्हणजे माणूस चहा आणायला उठतो आणि परत येऊन सरळ ओळखीच्या सिनियरला फोन लावतो.

तिसरी अडचण तेव्हा आम्हाला माहीतच नव्हती, ती पुढे येईल.

कोणते पर्याय समोर होते

पहिला अर्थात मोठं मशीन मागणं. सरकारी खरेदी, निविदा, म्हणजे पुढचं आर्थिक वर्ष. सोडून दिला.

दुसरा पीक्यू, म्हणजे प्रॉडक्ट क्वांटायझेशन. ही २०११ पासूनची माहितीतली पद्धत, वेक्टरचे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाऐवजी एका कोशातल्या सगळ्यात जवळच्या नमुन्याचा नंबर लिहायचा, ४०९६ बाइटचे ६४ बाइटसुद्धा होतात. पण तो कोश आधी आपल्या मजकुरावर शिकवावा लागतो, आणि आमचा मजकूर तर दर आठवड्याला वाढणारा, म्हणजे कोश जुना झाला का हे बघत बसायचं एक कायमचं काम मागे लागलं असतं.

तिसरा, वेक्टरच छाटायचा, १०२४ पैकी पहिले २५६ ठेवायचे. हे ज्या मॉडेलना मात्रिओश्का पद्धतीने शिकवलेलं असतं त्यांच्यात चालतं, कारण तिथे महत्त्वाचं सुरुवातीला भरायचं असं मॉडेलला शिकवलेलंच असतं. आमच्या मॉडेलला नव्हतं. तरी एकाने करून बघितलं आणि निकाल बघून त्यानेच ब्रँच डिलीट केली.

चौथा डिस्कएएनएन, मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेला, ग्राफ एसएसडीवर ठेवायचा आणि रॅममध्ये फक्त दाबलेले वेक्टर. त्यांनी ६४ जीबी रॅमच्या एकाच मशीनवर १०० कोटी वेक्टर शोधून दाखवले होते. भारी आहे, पण आमच्यासाठी माशी मारायला तोफ, आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा आमच्यात कोणी नव्हता.

पाचवा होता बायनरी. १०२४ आकड्यांपैकी प्रत्येकाचं फक्त चिन्ह ठेवायचं, धन असेल तर १, नाहीतर ०. एक तुकडा १२८ बाइट, म्हणजे सरळ ३२ पटीने कमी. पहिल्यांदा ऐकून मला हे वेडेपणाचं वाटलं होतं, एवढी माहिती फेकून शोध कसा लागेल. पण १०२४ चिन्हं एकत्र मिळून बऱ्यापैकी दिशा सांगतात, आणि वरचे काहीशे उमेदवार काढून मग ते जास्त अचूक वेक्टरने पुन्हा तोलले की बरंचसं भरून निघतं.

सहावा पर्याय कोणीच मांडला नाही, तो म्हणजे ९४ लाख तुकडे मुळात का आहेत हे विचारणं.

पहिला निर्णय, जो चुकला

आम्ही थेट एचएनएसडब्ल्यूच्या नॉब्सवर बसलो. ग्राफ किती खोलवर शोधायचा, प्रत्येकाला किती शेजारी ठेवायचे, हे कमीजास्त करून शोधाचा वेळ ८० मिलिसेकंदांवरून ४५ वर आणला. तीन आठवडे गेले त्यात. रंगीत आलेख वगैरे टाकून स्लाइड पण बनवली.

मग टीममधली सगळ्यात ज्युनियर मुलगी, तिने कोणाला न विचारता प्रत्येक टप्प्यावर वेळ छापणाऱ्या चार ओळी टाकल्या आणि सोमवारी सकाळी तक्ता ग्रुपवर टाकला. १४ सेकंद कुठे जातात ते असं होतं: भाषामॉडेलकडून प्रश्न "सुधारून" घेणं १.५ सेकंद, प्रश्नाचा वेक्टर ०.२, वेक्टर शोध ०.०४५ (आमचे तीन आठवडे इथे गेले होते), डेटाबेसमधून तुकड्यांचा मजकूर एकेक करून आणणं ०.६, रीरँकर ७, आणि भाषामॉडेलने लांबलचक प्रॉम्प्ट (प्रश्न आणि तुकडे मिळून त्याला दिलेला मजकूर) वाचून पहिला शब्द काढणं ४.५.

रीरँकर म्हणजे प्रश्न आणि तुकडा एकत्र वाचून जुळतं का ते ठरवणारं वेगळं मॉडेल. वेक्टर शोधापेक्षा हुशार पण हळू, आणि आमच्याकडे ते सीपीयूवर ४० तुकडे वाचत होतं. नंतर प्रॉम्प्टमध्ये २० तुकडे जायचे. का २०? कोणीतरी सुरुवातीला २० लिहिलं होतं म्हणून. देवनागरीचा एक शब्द बऱ्याच मॉडेलांच्या टोकनायझरमध्ये (शब्दांचे छोटे कण, म्हणजे टोकन, करणारा भाग) दोन-तीन-चार टोकन खातो, त्यामुळे इंग्रजी मजकुराच्या हिशोबाने ठेवलेला आकडा मराठीत केवढ्याला तरी पडतो, आमचा प्रॉम्प्ट १४ हजार टोकनच्या आसपास जात होता. शिवाय एवढं भरून फायदाही नाही, २०२३ मध्ये एक अभ्यास गाजला होता की लांब प्रॉम्प्टच्या मधोमध ठेवलेली माहिती मॉडेलं सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीपेक्षा वाईट वापरतात.

तक्ता बघून ग्रुपवर पाच मिनिटं कोणीच काही टाइप केलं नाही.

काका आणि लाल पेन

आता प्रॉम्प्टमध्ये २० ऐवजी ५ तुकडे पाठवायचे तर पहिल्या पाचात योग्य तुकडा यायलाच हवा, आणि तो येतो की नाही हे मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. आम्ही स्वतः बनवलेले वीसेक प्रश्न होते, ते सगळे पास व्हायचे. आपणच पेपर काढला, आपणच सोडवला.

संस्थेने एका निवृत्त अव्वल कारकुनांना आमच्याकडे पाठवलं, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी आणि त्यांच्या तीन-चार जुन्या सहकाऱ्यांनी मिळून १४० प्रश्न लिहून दिले, वहीत, हाताने, आणि प्रत्येकापुढे कुठल्या जीआरच्या कुठल्या परिच्छेदात उत्तर आहे तेही. स्क्रीनवर वाचायला त्यांना आवडत नव्हतं म्हणून प्रत्येक प्रश्नाचे पहिले दहा निकाल आम्ही छापून दिले.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला तर पानोपानी लाल पेनने एकच शब्द. प्रत. प्रत. प्रत. प्रत.

"अरे पोरांनो," काका म्हणाले, "हे काय शोधून देता मला? ही तर पाठवायच्यांची यादी आहे."

ज्यांनी जीआर बघितलाय त्यांना माहीतच असेल. वर संदर्भ, मग प्रस्तावना, मग शासन निर्णय, खाली "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने", आणि मग प्रत कोणाकोणाला त्याची यादी, राज्यपालांचे सचिव, महालेखापाल, सर्व विभागीय आयुक्त, सर्व जिल्हाधिकारी असं करत करत शेवटी निवड नस्ती. प्रत्येक जीआरला ही शेपटी असते आणि आमच्या कोडने तिचेही इमानदारीत तुकडे पाडून वेक्टर बनवले होते. त्यामुळे प्रश्नात "जिल्हाधिकारी" किंवा "विभागीय आयुक्त" आलं रे आलं की या याद्या धावत वर यायच्या, कारण त्यांच्यात पदनामांशिवाय दुसरं काही नव्हतंच! भाषामॉडेल बिचारं त्यातून उत्तर काढायचा प्रयत्न करायचं.

तिसरी अडचण ही. १४० पैकी फक्त ८१ प्रश्नांत योग्य तुकडा पहिल्या पाचात होता.

आधी मजकूर छाटला

इथून खरं काम सुरू झालं. ९४ लाखांतले ५३ लाख तुकडे गेले, कसे ते सांगतो.

९ लाख तुकडे निव्वळ कचरा. जुन्या पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या, दिसायला मराठी पण आतून मजकूर काढला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोळा. त्याचेही वेक्टर बनले होते. तुकड्यात देवनागरी अक्षरांचं प्रमाण किती एवढं बघितलं तरी ते वेगळे पडले, मग कामाच्या फायली ओसीआर करून (पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून) नव्याने घेतल्या.

११ लाख तुकडे शेपटीचे आणि ठरावीक मजकुराचे. इथे पहिला अपघात. "प्रत" दिसलं की तिथून खाली सगळं कापायचं असा सोपा नियम लावला, आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की बऱ्याच जीआरमध्ये या यादीच्या नंतर परिशिष्ट असतं, आणि खरा माल, म्हणजे दराचे तक्ते, अर्जाचे नमुने, सगळं त्यातच. मग नियम बदलला, "परिशिष्ट", "सहपत्र", "विवरणपत्र" यापैकी काही आलं की कापणं थांबवायचं.

१४ लाख तुकडे दुबार. एकच जीआर विभागाच्या संकेतस्थळावरून, संस्थेच्या स्वतःच्या संग्रहातून आणि कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून असा तीनदा आलेला. जवळजवळ सारखे मजकूर ओळखायला मिनहॅश वापरलं, ही युक्ती १९९७ ची, अल्टाव्हिस्टा सर्च इंजिनच्या काळातली, अजूनही मस्त चालते. आणि इथे दुसरा अपघात, हा जास्त गंभीर. निधी वितरणाचे जीआर दरवर्षी शब्दशः तेच असतात, बदलतं फक्त वर्ष आणि रक्कम. मिनहॅशच्या नजरेत ते ९५ टक्के सारखे, म्हणजे दुबार, म्हणजे उडवा. काकांनी विचारलं, "२०१९ चा कुठंय? २०२१ चाच दिसतोय." आम्ही शोधत बसलो आणि तो आम्हीच खाल्लेला. त्यानंतर नियम असा केला की मजकूर सारखा असला तरी आतले सगळे आकडे त्याच क्रमाने तेच असतील तरच दुबार समजायचं. साधी गोष्ट आहे पण सरकारी कागदात अर्थ आकड्यांतच असतो, शब्द तर ठरलेलेच.

उरलेले १९ लाख ओव्हरलॅपमुळे होते. एका तुकड्याचा अर्धा भाग पुढच्यात परत, म्हणजे जवळजवळ सगळं दोनदा. आता आम्ही परिच्छेद क्रमांकावर तोडतो, ओव्हरलॅप एखाद्या वाक्याचा, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर जीआरचा विषय चिकटवतो. हे करताना अजून एक गोम सापडली, आमचं मॉडेल एका वेळी ५१२ टोकनच वाचतं, त्यापुढचं गुपचूप सोडून देतं, ना एरर ना वॉर्निंग. आमच्या मोठ्या तुकड्यांची शेवटची वाक्यं कधी वेक्टरमध्ये गेलीच नव्हती. आता टोकन मोजूनच तोडतो.

मग ग्राफच काढून टाकला

आता ४१ लाख तुकडे. पूर्ण वेक्टर १६.८ जीबी, ३२ च्या मशीनवर तसेही बसले असते, पण नवा इंडेक्स (शोधासाठी रचलेला सगळा साठा) बांधताना जुनाही चालू ठेवावा लागतो, म्हणजे दुप्पट. बायनरी केलं की ४१ लाख गुणिले १२८ बाइट, ५२५ एमबी. पाचशे पंचवीस एमबी! एवढा तर माझ्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचा कचरा असतो.

आणि इथे जो निर्णय घेतला त्यावर टीममध्ये दोन दिवस वाद चालला होता. माझं म्हणणं, ५२५ एमबी असेल तर ग्राफ कशाला, प्रत्येक प्रश्नाला सगळेच्या सगळे ४१ लाख तपासू की. दोन बायनरी वेक्टरमधलं अंतर काढायचं म्हणजे एक्सऑर करायचं (बिटाला बिट ताडून बघायचं) आणि किती बिट वेगळे ते मोजायचं, आजच्या सीपीयूला त्यासाठी थेट सूचना असते. एका कोअरने सेकंदाला दहाएक जीबी मेमरी वाचली तरी ५२५ एमबीला ५० मिलिसेकंद, चार कोअर लावले की अजून कमी. आम्हाला ३० च्या आसपास पडतं. ग्राफवाल्या शोधाला नॉब्स फिरवूनही ४५ लागत होते, आणि तो तर सगळे तपासतही नाही.

विरोधात मुद्दा होता तो बरोबर होता, उद्या १० कोटी तुकडे झाले तर? तर १२.८ जीबी, आणि एका कोअरला सव्वा सेकंदाच्या वर, मग हे चालणार नाही, तेव्हा वेक्टरचे गट पाडून मोजकेच गट शोधावे लागतील किंवा डिस्कएएनएनकडे जावं लागेल. पण या संस्थेचे १० कोटी होणार नाहीत, हे कागद वर्षाला किती वाढतात ते आम्ही मोजलं होतं.

ग्राफ गेल्याचे दोन फायदे झाले ज्यांचा आम्ही विचारही केला नव्हता. एक म्हणजे फिल्टर. "फक्त महसूल विभाग" असं निवडलं की आधी ग्राफ आपले १०० शोधायचा आणि मग त्यातले दुसऱ्या विभागांचे गाळायचे, कधीकधी हातात तीनच राहायचे. आता आधीच विभाग बघून तेवढेच तपासायचे, काम उलट कमी होतं. दुसरा, रोजचं काम. ग्राफमधून जीआर काढणं कटकटीचं असतं, खुणा करून ठेवायच्या आणि मग कधीतरी सगळं नव्याने बांधायचं, आम्ही दर रविवारी रात्री बांधायचो. आता नवीन तुकडा शेवटी जोडायचा, रद्द झाला की एक बिट बदलायचा. रविवार सुटला.

वरचे ४०० उमेदवार मग आठ बिटी वेक्टरने (एका आकड्याला ४ ऐवजी १ बाइट) पुन्हा तोलतो, ते ४.२ जीबी एसएसडीवरच आहेत, रॅममध्ये नाहीत, ४०० छोटे वाचन म्हणजे काही नाही. मूळ वेक्टर १६ बिटी करून एका साध्या डिस्कवर टाकून ठेवलेत, ८.४ जीबी, उद्या दाबायची पद्धत बदलायची झाली तर पुन्हा मॉडेल चालवायला नको. हे शहाणपण मार खाऊन आलेलं आहे. पहिल्यांदा नवे वेक्टर बनवताना ई-५ ला तुकड्याआधी "पॅसेज" आणि प्रश्नाआधी "क्वेरी" अशी खूण लावावी लागते ती तुकड्यांना लावायची राहिली, आणि भाड्याच्या जीपीयूचे दोन दिवस पाण्यात गेले. (चाचणीसाठी भाड्याच्या मशीनवर नेलेले कागद संकेतस्थळावर आधीच जाहीर असलेलेच होते, ग्राहकाची परवानगी घेऊन.)

शब्दांचा शोध, आणि वारस-वारसा

बायनरी झाल्यावर १४० पैकी १०१ वर आलो. उरलेले बघितले तर बहुतेकांत आकडे नाहीतर ठरलेले शब्द होते. "कलम ४२ब". कोणी लिहितं ४२ ब, कोणी ४२(ब), कोणी इंग्रजी आकड्यांत. सातबारा कुठे अक्षरी, कुठे ७/१२. वेक्टरला ४२ब आणि ४२अ यांत फारसा फरकच वाटत नाही.

म्हणून जुनं बीएम२५ आणलं, शब्द तंतोतंत जुळवणारं. पण मराठीत तंतोतंत म्हणजे काय हाच प्रश्न आहे. प्रश्नात "जमीन", जीआरमध्ये "जमिनीच्या". त्यावर अगदी गावठी उपाय केला, आधी ह्रस्व-दीर्घ एक करायचं, मग चा-ची-चे-च्या, ला-ना, ने, त, साठी वगैरे प्रत्यय काढायचे, मग शेवटची मात्रा उडवायची. जमीन झाला जमिन, जमिनीच्या झालं जमिनिच्या, मग जमिनि, मग जमिन. जुळलं!

"शेतकऱ्यांना" मात्र जुळेना आणि कारण बघून डोक्याला हात लावला. त्यातला अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो, एक खालचा टिंबवाला ऱ वापरून आणि एक साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडाक्षर-चिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला दोन वेगळे शब्द. तसंच ॲ, तो एक अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या पद्धतीने टाइप झालेलं एकच अक्षर एकसारखं करणं) या जोड्या एक करत नाही, आपणच तक्ता लिहावा लागतो. आम्ही लिहिला, सगळे आकडेही एकाच लिपीत आणले.

आणि मग हा गावठी उपाय अंगावर आला. "वारस नोंद कशी करायची" या प्रश्नाला वारसा वास्तूंच्या जतनाचे जीआर! शेवटची मात्रा उडवली की वारसा पण वारस. काका एवढे हसले की चहा सांडला. मग अपवादांची यादी सुरू केली, पहिला शब्द वारसा.

बीएम२५ आणि वेक्टर दोघांचे निकाल एकत्र करायला आरआरएफ, २००९ चं एक ओळीचं सूत्र, प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवून एकाला त्याने भागायचं आणि बेरीज करायची. गुण वेगवेगळ्या मापात असले तरी फरक पडत नाही, क्रमांकच बघायचा. यापेक्षा काहीतरी हुशार करावं असं दोनदा वाटलं, दोन्ही वेळा १४० प्रश्नांवर काहीच फरक पडला नाही.

शेवटी काय हातात आलं

रीरँकर छोटा घेतला, आठ बिटी केला आणि ४० ऐवजी १५ तुकडे दिले, ७ सेकंदांचे १.१ झाले. प्रश्न "सुधारून" घेणारा टप्पा काढला, तो बहुतेक वेळा चांगल्या मराठीचं वाईट मराठी करत होता, फक्त आधीच्या प्रश्नाला धरून विचारलेला दुसरा प्रश्न असेल तरच चालवतो. मजकूर एकाच फेरीत आणतो. प्रॉम्प्टमध्ये ५ तुकडे, पहिला शब्द १.२ सेकंदात. त्याच १०० पैकी ५ हळू प्रश्नांचं माप आता तीन सेकंदांच्या आत. योग्य तुकडा पहिल्या पाचात १४० पैकी ११८ वेळा. आणि ३२ जीबीच्या मशीनवर निम्म्याहून जास्त रॅम रिकामी.

वजन आणि वेळ दोन्हींत बायनरीचा वाटा आहेच, पण ८१ वरून ११८ ला नेलं ते मुख्यतः शेपट्या कापण्याने आणि शब्दशोधाने.

वेगळं काय करता आलं असतं

वेळ छापणाऱ्या चार ओळी पहिल्या दिवशी टाकायला हव्या होत्या, यावर काही बोलायलाच नको. काकांना तिसऱ्या महिन्यात नाही, पहिल्या आठवड्यात बोलवायला हवं होतं, आणि प्रश्नांबरोबर निकालही छापून द्यायला हवे होते, कारण "प्रत" ही गोष्ट कुठल्याही आकड्यात दिसली नसती.

दुबार काढताना आम्ही मूळ तुकडे खोडूनच टाकले होते, २०१९ चा जीआर परत मिळवायला पुन्हा पीडीएफपासून सुरुवात करावी लागली. खोडायचं नव्हतं, फक्त इंडेक्सबाहेर ठेवायचं होतं.

आणि १४० प्रश्नांवरच सगळं घासून घासून बसवल्यामुळे ते ११८ थोडे फुगलेले असणार. काकांकडून ४० नवे प्रश्न मागितलेत, ते आम्ही बघायचे नाहीत, तेच परस्पर चालवून आकडा सांगणार.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जीआर अधिक्रमित झाला, किंवा त्याचं शुद्धिपत्रक निघालं, तर जुना आपोआप मागे पडायला हवा. नव्या जीआरच्या संदर्भात जुन्याचा क्रमांक असतो, पण तो "रद्द करून" या अर्थाने आलाय की नुसता "वाचला" म्हणून, हे ओळीवरून दर वेळी कळत नाही. सध्या काका आठवड्यातून एकदा येतात, नवे जीआर चाळतात आणि जुन्यांच्या यादीवर लाल पेनने काट मारतात, आम्ही तेवढे बिट बदलतो. अपवादांच्या यादीत आता ६३ शब्द आहेत.